एक्क्याण्णव गुण, पण कितीपैकी?

मागच्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी जड होते. मला वाटले वाडीतला फणस असेल. कागद सोडला तर आत इंजिनाचे हेड! खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "सर, पंपावरचं पेट्रोल आता पंच्याण्णव ऑक्टेनचं झालंय. आता तरी एक मिलिमीटर घासू ना?"

या "आता तरी"मागे २०१८ सालची एक हकीकत आहे आणि तिच्यातला निम्मा गुन्हा माझा आहे. तो कबूल केल्याशिवाय इतरांवर टीका करणे बरे नव्हे, म्हणून आधी तेच सांगतो.

रेवदंड्याच्या बाजूला हा मुलगा होडीवरून उतरलेली मासळी, बर्फाच्या पेट्या आणि भिजलेली जाळी वाळूतून रस्त्यापर्यंत आणायचे काम करतो. त्यासाठी त्याने एक चारचाकी स्वतः बनवली आहे. रुंद फुगीर टायर, लोखंडी सांगाडा आणि मध्ये जुन्या यामाहा आरएक्स १००चे टू-स्ट्रोक इंजिन. परदेशात ज्याला 'एटीव्ही' म्हणतात त्याचे हे कोकणी भावंड. रिव्हर्स गिअर नाही. मागे घ्यायची तर उतरून ढकलायची. (किनाऱ्यावर हौसेच्या गाड्या फिरवाव्यात का, हा वेगळा वाद आहे. माझे मत, फिरवू नयेत. खाली दिवेआगर, हरिहरेश्वरकडे कासवे अंडी घालायला येतात, त्यांच्या डोक्यावरून धिंगाणा कशाला? पण मासळी डोक्यावरून वाहणाऱ्या बायकांचे कष्ट ज्याने पाहिलेत तो या पोराच्या गाडीला नाव ठेवणार नाही.)

तर २०१८च्या दिवाळीनंतर तो इंटरनेटवरून छापून घेतलेली चार पाने घेऊन आला. पाने अमेरिकेतली, यामाहाच्या बॅन्शी नावाच्या एटीव्हीबद्दलची. ही गाडी अमेरिकेत १९८७ ते २००६ विकली गेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आपल्याकडे १९८३मध्ये आलेल्या राजदूत ३५०च्या घराण्यातलीच, पण पाण्याने थंड होणारी. इंग्रजी वाचायला त्याला सर लागले. मी मराठीचा बी.ए., पण शाळेत इंग्रजीचे तासही पुष्कळ घेतले, त्यामुळे ऐटीत चष्मा लावून वाचून दाखवले. त्यात लिहिले होते की पंपावरचे ९१चे पेट्रोल वापरणार असाल तर किकवर दीडशे पौंडांपर्यंत दाब खुशाल चालतो. तो म्हणाला, "आपल्या पंपावरपण एक्क्याण्णवच आहे ना?" मी म्हणालो, "हो, तेवढंच आहे."

त्याने हेड लेथवर एक मिलिमीटर उतरवून घेतले. आधी किकवर १२० पौंड दाब भरत होता, तो १६० भरू लागला. पहिले दोन आठवडे खूश होता. गाडी वाळूतून काय उचलते म्हणे! तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी, मागे बर्फाच्या पेट्या असताना, इंजिन एकदम मेले. हेड उघडले तर पिस्टनच्या टाळूला करंगळी जाईल एवढे भोक आणि सिलिंडरला उभे ओरखडे. पिस्टन गेला, बोअर गेला, ऐन हंगामातले अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत त्याच्या आईने पेट्या वाहिल्या. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

चूक कुठे झाली हे मला नंतर कळले. शिक्षकाने ती करावी याची लाज वाटते. एखादा पालक सांगतो, मुलाला एक्क्याण्णव मिळाले. आपण पहिला प्रश्न विचारतो, कितीपैकी? शंभरपैकी की दीडशेपैकी? पेट्रोलच्या एक्क्याण्णवला मी तो विचारलाच नाही.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती. दाबले आणि तापवले तरी ठिणगीची वाट बघत किती वेळ शांत राहील याचे माप. ते मोजायचे यंत्र मोठे गमतीचे आहे. एका सिलिंडरचे इंजिन, पण त्याचे कॉम्प्रेशन चालू असतानाच कमीजास्त करता येते. त्यात पेट्रोल घालून ते कधी खडखडते ते बघतात. ही परीक्षा दोन प्रकारे घेतात. एक सौम्य, ६०० फेऱ्यांवर. तिला रिसर्च ऑक्टेन म्हणतात. दुसरी कडक, ९०० फेऱ्यांवर, आत जाणारे मिश्रण चांगले दीडशे अंशांच्या आसपास तापवून. ते मोटर ऑक्टेन. तेच पेट्रोल दुसऱ्या परीक्षेत साधारण आठ-दहा गुण कमी मिळवते.

आपल्याकडे पंपावर जो आकडा सांगतात तो पहिल्या, सोप्या परीक्षेचा. अमेरिकेत पंपावर लिहितात ती दोन्ही परीक्षांची सरासरी. २०१८ साली आपल्या साध्या पेट्रोलची किमान पात्रता होती रिसर्च ९१, मोटर ८१. अमेरिकन पद्धतीने सरासरी काढा. ८६! त्यांच्याकडे सर्वांत साधे पेट्रोल ८७चे असते आणि ९१ हे वरच्या दर्जाचे. म्हणजे ज्या पेट्रोलसाठी ती चार पाने लिहिली होती ते आमच्या तालुक्यातल्या पंपावर नव्हतेच. आकडा तेवढा तोच होता.

आता ज्या मंडळींवर मला खरा राग आहे त्यांच्याकडे वळतो. आपल्याकडे प्रत्येक गावात एक मेकॅनिक असा असतो की गाडी कोणतीही असो, तक्रार कोणतीही असो, त्याचे औषध एकच. हेड घासा. पिकअप नाही? हेड घासा. चढ घेत नाही? हेड घासा. आरएक्स १०० हे तर त्यांचे कुलदैवत. १९८५ ते १९९६ ही गाडी निघाली, ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती, अजून तिच्यासाठी पोरे वेडी आहेत. त्या वेडावर या लोकांची दुकाने चालतात. किती घासले विचारले तर उत्तर "थोडंसं". आधी किती होते? "कंपनीचं." नंतर किती झाले? यावर तर हसतात. डॉक्टरने ताप न मोजता इंजेक्शन द्यावे तसा हा प्रकार. आणि इंजिन फुटले की म्हणणार, पेट्रोलमध्ये भेसळ होती, ऑइल हलके होते, चालवणाऱ्याला अक्कल नव्हती. हेडचे नाव नाही!

यांचा मूळ समज असा की कॉम्प्रेशन जेवढे जास्त तेवढी ताकद जास्त. अर्धसत्य आहे. कॉम्प्रेशन वाढले की त्याच पेट्रोलातून जास्त काम निघते, हे खरे. पण किती जास्त? सहास एकचे सातास एक केले तर कागदावर पाच-सहा टक्के. प्रत्यक्षात त्याहून कमीच. सातचे आठ केले तर आणखी थोडे कमी. टू-स्ट्रोकची खरी ताकद पोर्टांत आणि सायलेन्सरच्या आकारात असते. आणि या पाच टक्क्यांची किंमत काय, तर पेट्रोलच्या सहनशक्तीची शेवटची पायरी.

ती पायरी ओलांडली की काय होते ते एकदा नीट समजून घ्यावे. प्लगपाशी ठिणगी पडते, ज्योत बाहेरच्या बाजूला पसरत जाते. कडेला जे मिश्रण अजून जळायचे आहे ते तिच्या रेट्याने आणखी दाबले जाते, तापते आणि ज्योत पोहोचायच्या आत आपण होऊन एकदम पेटते. हातोडी बसावी तसा धक्का बसतो. धातूच्या पृष्ठभागावर थंड वायूचा जो पातळ थर पिस्टनचे रक्षण करत असतो तो या धक्क्याने निघून जातो आणि ॲल्युमिनियम थेट आगीला लागते. फोर-स्ट्रोक मोटारीत ही टकटक निदान ऐकू येते. टू-स्ट्रोकच्या फटफटाटात तीही ऐकू येत नाही. प्लग काढून त्याच्या पांढऱ्या भागावर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक ठिपके दिसतात का ते पाहावे. तो पिस्टन विरघळायला लागल्याचा निरोप असतो. किती जण पाहतात?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८४ साली माझ्या राजदूतला एका मेकॅनिकने पातळ गॅस्केट टाकून दिले होते, "सर, मायलेज वाढेल" म्हणून. पोयनाडच्या रस्त्यावर इंजिन धरले, मागचे चाक जागच्या जागी जाम. क्लच दाबायला हवा हे सुचेपर्यंत आम्ही दोघे रस्त्यात. पत्नीच्या कोपरावर ती खूण शेवटपर्यंत होती. मायलेज वाढले की नाही ते कळायची संधीच मिळाली नाही.

आता पुन्हा त्या चारचाकीकडे. अमेरिकन बॅन्शीला पाणी आहे, रेडिएटर आहे. आमच्या आरएक्सच्या इंजिनाला फक्त वारा. मोटारसायकलवर ते ताशी पन्नासने पळते तेव्हा पंखांना वारा लागतो. वाळूत गाडी माणसाच्या चालीने जाते, पण थ्रॉटल मात्र पूर्ण पिळलेला. वारा नाही, ओझे आहे, ऊन आहे. इंजिनाचा यापेक्षा वाईट छळ शोधून सापडणार नाही. ती कडक परीक्षा म्हटली ना, मोटर ऑक्टेनची? आमची वाळू म्हणजे रोज तीच परीक्षा.

शिवाय आपण समुद्रसपाटीला. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये भरतेच कमी, त्यामुळे घासलेले हेडही तिथे निभावून जाते. अमेरिकेत डेन्व्हरसारखी शहरे सोळाशे मीटरवर आहेत. तिकडच्या माणसाने "माझे तर चालते" म्हटले तर ते खोटे नाही, पण त्याचे चालते म्हणून आमचे चालेल हे खोटे.

आकड्यांचा आणखी एक घोटाळा आहे, तो कॉम्प्रेशन रेशोचाच. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ५०. पिस्टन खालून वर येताना ९८ सीसी जागा झाडतो. हेडची पोकळी हिशेबाला सोपी म्हणून १२ सीसी धरू. ९८ अधिक १२, भागिले १२. आले ९.२. पण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर येताना अर्ध्या वाटेपर्यंत एक्झॉस्टचे पोर्ट उघडेच असते! दाब सुरू होतो ते पोर्ट बंद झाल्यावर. तेव्हा उरलेला प्रवास २६ मिलिमीटर धरला तर ५१ सीसी. त्यात १२ मिळवून भागले तर जेमतेम ५.२५. एकच इंजिन, दोन उत्तरे. जपानी कंपन्या बहुधा दुसरा आकडा देतात, युरोपातले बरेच जण पहिला. एकाने दुसऱ्याचा आकडा उचलला की झाला सत्यानाश. आणि एक मिलिमीटर घासले म्हणजे काय? ५० मिलिमीटरच्या वर्तुळावर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन सीसी. बारातले दोन गेले! पहिल्या पद्धतीने ९.२चे १०.८ झाले. "थोडंसं" म्हणतात ते हे.

मोजणे कठीण आहे का? मुळीच नाही. २०१८च्या त्या प्रकारानंतर मी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून एक जुने ब्युरेट मागून आणले. पिस्टन अगदी वर आणायचा, प्लगच्या भोकातून पातळ तेल ब्युरेटने सोडायचे, भोकाच्या आतल्या काठाला लागले की थांबायचे, आकडा वाचायचा. दहावीची मुलगी करील. दुसरे, हेड आणि पिस्टनच्या कडेतली फट. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून कडेपर्यंत घालून इंजिन एकदा फिरवायचे, चेपलेली तार कॅलिपरने मोजायची. एवढ्या लहान इंजिनाला ती साधारण एक मिलिमीटर असावी. इथे घासणाऱ्यांची खरी अडाणी मेख आहे. कडेची ही चिंचोळी फट उपकारक असते. पिस्टन वर येताना ती मिश्रणाला मध्यभागी ढकलते, ज्योत लवकर पसरते आणि कडेला खडखडाट व्हायला काही उरत नाही. हॅरी रिकार्डो नावाच्या इंग्रज इंजिनियरने शंभर वर्षांपूर्वी हे ओळखले होते. म्हणजे फट कमी करायची असेल तर करा, पण मधला घुमट तेवढाच कोरून मोठा करा, म्हणजे कॉम्प्रेशन होते तिथेच राहील. अमेरिकेत बॅन्शीसाठी घुमटच बदलायचे मिळतात, वीस, एकवीस, बावीस सीसीचे. पंपाचे पेट्रोल असेल तर मोठा घुमट लावतात. तिकडच्या पानांतून घ्यायची गोष्ट ही होती, दीडशेचा आकडा नव्हे. काही हुशार लोक कॉम्प्रेशन कमी करायला सिलिंडरखाली जाड पॅकिंग घालतात. त्याने पोर्टच वर उचलले जातात आणि इंजिनाचा स्वभावच बदलतो. दुखणे डोक्याचे आणि पट्टी पायाला.

आम्ही त्या वेळी लेथवाल्याकडे शेजारी उभे राहून घुमट कोरून घेतला, किकवर १२५ पौंड ठेवले (इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत किक). वाऱ्यावर थंड होणाऱ्या आणि वाळूत राबणाऱ्या इंजिनाला १३०च्या वर जाऊ नये हे माझे मत आहे. ते इंजिन तेव्हापासून चालू आहे.

आणि आता हा पोरगा म्हणतो, पेट्रोल पंच्याण्णवचे झाले.

झाले आहे, खरे आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून ऑक्टेन ९५ झाल्याचे खुद्द पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५मध्ये सांगितले. इथेनॉल वाफ होताना थंडावाही देतो, तेही खरे. पण हा ९५ पुन्हा त्याच सोप्या परीक्षेतला! इथेनॉल त्या परीक्षेत शंभराच्या वर गुण मिळवतो आणि कडक परीक्षेत नव्वदीपाशी येतो. घोकंपट्टीवाल्या मुलासारखा. आमची परीक्षा कुठली, ते वर सांगितलेच.

शिवाय इथेनॉल आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन येतो. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पट. नव्या गाड्यांतला संगणक ते ओळखून पेट्रोल वाढवतो. आरएक्सच्या कार्बुरेटरला काय कळणार? तो जुन्याच मापाने वाढतो आणि मिश्रण पातळ पडते. पातळ म्हणजे गरम. तेव्हा आधी मोठा मेन जेट टाकायला हवा आणि रबरी नळ्या, सील तपासायला हवेत. तेलाची भीती वाटून पेट्रोलमध्ये २टी जास्त मिसळणारेही आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तेवढ्या जागेतून पेट्रोल कमी जाते, म्हणजे मिश्रण आणखी पातळ.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती पावसाची. त्या दिवशी मी त्याला अंगणात नेले, चूल-बिल विझलेली पाहून घेतली आणि मोजपात्रात त्याच्या टाकीतले शंभर मिलिलिटर पेट्रोल घेतले. त्यात दहा मिलिलिटर पाणी घालून हलवले आणि ठेवून दिले. पाच मिनिटांनी खाली पाण्याचा थर तीस मिलिलिटरच्या आसपास! दहाचे तीस झाले कसे? इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला जाऊन मिळाले. वर जे उरले ते इथेनॉल गेलेले पेट्रोल, म्हणजे ज्याच्या जोरावर पंच्याण्णव म्हणत होतो तो टेकूच निघून गेला. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. त्याची गाडी छपराखाली अर्धी टाकी भरून उभी. कोकणातली हवा, त्यात पावसाळा. टाकीत ओल धरायला आणखी काय हवे? बंदी उठली की पहिल्याच दिवशी हा तेच पेट्रोल घेऊन वाळूत ओझे ओढणार. म्हणजे इंजिन बांधायचे ते पंपावरच्या पाटीसाठी नव्हे, वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी टाकीत जे असेल त्यासाठी. शंभर ऑक्टेनचे पेट्रोलही देशात २०२०पासून निवडक शहरांत मिळते. मग काय, मुंबईहून आणून मासळी वाहायची?

तो बराच वेळ त्या दोन थरांकडे बघत होता. मग म्हणाला, "पण सर, पिकअप थोडा कमी वाटतो."

"पेट्या पोहोचतात का रस्त्यापर्यंत?"

"पोहोचतात."

"मग मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाक." वाळूत वेग नको, जोर हवा. तो दोन दातांत मिळतो आणि पिस्टनला कळतही नाही. हे त्याला पटलेले दिसले, कारण किंमत विचारली.

हेड न घासताच परत घेऊन गेला. मेन जेट बदलून प्लगचा रंग मला दाखवायचा आहे. मेअखेरीस टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करून ठेवायला सांगितले आहे. "ठेवतो" म्हणालाय. शाळेत असताना गृहपाठाबद्दलही असेच म्हणायचा, त्यामुळे नारळी पौर्णिमेला मी स्वतःच जाऊन टाकीचे झाकण उघडून बघणार आहे.